व्यसनांची नोंदवही

चंदीगड शहरात विकल्या जाणाऱ्या दारूच्या बाटलीवर एक लहानशी ओळ छापलेली असते: ही बाटली केवळ चंदीगडमध्ये विक्रीसाठी आहे. त्या शहराच्या व्यसनांचा इतिहास सांगण्यास या ओळीपासून आरंभ करणे मला सोयीचे वाटते. कारण पोलिसांच्या छाप्यात ही बाटली सापडल्याची बातमी जेव्हा वर्तमानपत्रांत येते, तेव्हा ती बहुधा चंदीगडची नसतेच. पंजाबातल्या एखाद्या गावात, हरियाणातून जाणाऱ्या मालमोटारीत भुशाच्या पोत्यांखाली, कधी गुजरातेत, तर कधी 2016 च्या एप्रिलपासून दारूबंदी लागू झालेल्या बिहारात ती हाती लागते. बाटलीवरची ओळ सरकारने छापून घेतलेली. बाटली मात्र आपल्या वाटेने जाते.

हे असे का होते, ते समजण्यासाठी या शहराच्या जन्माकडे पाहिले पाहिजे. फाळणीत लाहोर गेले आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. म्हणून शिवालिकच्या पायथ्याशी नवे नगर आखले गेले. फ्रान्समधून आलेल्या ल कॉर्ब्युझिए या वास्तुशिल्पज्ञाने त्याचा आराखडा सिद्ध केला, आणि 1953 च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पुढे 1 नोव्हेंबर 1966 रोजी पंजाबचे विभाजन होऊन हरियाणा वेगळा झाला, आणि हे एकच नगर दोन राज्यांची राजधानी ठरले. शिवाय स्वतः केंद्रशासित प्रदेश झाले. पश्चिमेकडे मोहाली, ते पंजाबात. पूर्वेकडे पंचकुला, ते हरियाणात. मध्ये अवघ्या 114 चौरस किलोमीटरांचे चंदीगड. सकाळी फिरावयास निघालेला मनुष्य चहाच्या वेळेपर्यंत तीन अबकारी कायद्यांच्या हद्दी ओलांडू शकतो.  तिन्हीकडे कर वेगळा, भाव वेगळा. आणि जेथे भाव उतरता, तेथून बाटली चढत्या भावाकडे वाहते. पाण्याचा धर्म उलटा, एवढाच काय तो फरक.

सरकारला या बाटलीची ओढ का असावी, हा प्रश्न चंदीगडहून कितीतरी जुना आहे आणि आपल्या महाराष्ट्रास तो पूर्ण परिचयाचा आहे. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा 1878 चा. त्याने घरोघरी आणि पाड्यापाड्यांवर गाळली जाणारी दारू मोडून काढून गाळणी व विक्री सरकारी देखरेखीखाली आणली, मक्ते दिले, आणि तिजोरीत भर घातली. 1892 मध्ये तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी खास कायदा होऊन मोहाची फुले जमवण्यावर आणि बाळगण्यावरच निर्बंध आले. झाड रानातले, फूल झाडाचे, पण त्याचा हिशेब कचेरीत! महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना 1880 साली त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध पालिकेस लेखी विरोध कळवला होता. 1908 मध्ये पुण्यातल्या गुत्त्यांवर निरोधनाची चळवळ झाली, तिच्या अग्रभागी लोकमान्य टिळक होते. दोघांच्या विचारसरणीत केवढे अंतर! परंतु दारूच्या उत्पन्नावर राज्य चालवू नये, या एका मुद्द्यावर दोघांचेही बोट एकाच ठिकाणी पडले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

दारूबंदीचा प्रयोगही आपणच आधी केला. 1 ऑगस्ट 1939 रोजी, डॉ. गिल्डर मंत्री असताना, मुंबई शहरात दारूबंदी आली. पुढे 1949 चा कायदा झाला आणि 1950 मध्ये ती सबंध राज्यभर पसरली. परवाने, दाखले, हातभट्ट्या, सायकलींच्या रबरी नळ्यांतून होणारी ने-आण: ही त्या काळाची सर्व चित्रे ज्येष्ठांच्या आठवणीत आहेत. 1963 मध्ये नियोजन आयोगाने दारूबंदीचा अभ्यास करण्यासाठी एक मंडळ नेमले. त्याचे अध्यक्ष टेकचंद हे पंजाब उच्च न्यायालयाचे, म्हणजे चंदीगडच्याच न्यायासनावर बसलेले, माजी न्यायमूर्ती होते. त्यांनी दारूबंदीच्या बाजूने कौल दिला, परंतु चोरट्या गाळपाचे वास्तवही दडवून ठेवले नाही. त्यानंतर मुंबई इलाख्याच्या वारसदारांपैकी गुजरातने बंदी टिकवली, महाराष्ट्राने क्रमाक्रमाने सैल केली.

तोच प्रयोग चंदीगडच्या दाराशी 1996 साली झाला, आणि तो दीर्घकाळ लक्षात राहील असा आहे. त्या वर्षीच्या निवडणुकीत बन्सीलाल यांनी हरियाणातील स्त्रियांना दारूबंदीचे वचन दिले होते. खेड्यापाड्यांतील स्त्रियांनी त्या वचनावर विश्वास ठेवला, आणि ठेवू नये असे कोण म्हणेल? संध्याकाळी घरी येणारा नवरा पगार घेऊन येईल की रिकामा खिसा घेऊन, या एका प्रश्नावर ज्यांच्या चुलीचा विस्तव अवलंबून असतो, त्यांना अर्थशास्त्र शिकवण्याची गरज नसते. 1 जुलै 1996 पासून हरियाणात बंदी लागू झाली. परंतु हरियाणाची राजधानी चंदीगडमध्ये, आणि चंदीगडमध्ये बंदी नाही! ज्या सचिवालयातून बंदीचे हुकूम सुटत, तेथून दारूचे दुकान हाकेच्या अंतरावर नसले तरी रिक्षाच्या अंतरावर खासच होते. दिल्ली, राजस्थान, उत्तर प्रदेश आणि पंजाब या सर्व सीमांवर ठेके फुलले. मालमोटारींत, दुधाच्या किटल्यांत, गवताच्या भाऱ्यांत दारू येऊ लागली. हजारो गुन्हे नोंदले गेले. विषारी दारूने माणसे मेली. अबकारीचे उत्पन्न बुडाले म्हणून अन्य कर आणि दर वाढवावे लागले, तेव्हा ज्यांनी बंदी मागितली नव्हती तेही रागावले. 1 एप्रिल 1998 रोजी बंदी उठली. एकवीस महिन्यांचा हा इतिहास बहुतेक जण दारूबंदीच्या अपयशाचा पुरावा म्हणून सांगतात. मला त्यात आणखी एक उणीव दिसते. या एकवीस महिन्यांत दुकाने बंद करण्याचा, नाकी बसवण्याचा, खटले भरण्याचा खटाटोप पुष्कळ झाला. परंतु ज्याला रोज प्यायल्यावाचून हातही स्थिर ठेवता येत नाही, त्याने 1 जुलैच्या सकाळी कोठे जावे, याची तजवीज त्या मानाने जवळजवळ नव्हती.

हा मुद्दा वैद्यकाचा आहे, म्हणून त्याचा थोडा खुलासा करतो. अनेक वर्षे दररोज भरपूर मद्य घेणाऱ्याच्या मेंदूची घडणच त्या गुंगीशी जुळवून घेते. अशा माणसाचे मद्य एकाएकी तोडले की दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरू लागतात, घाम सुटतो, नसलेली माणसे दिसू लागतात, आकडी येते. उपचार न झाल्यास मृत्यूही ओढवतो. घरची माणसे मोठ्या आशेने त्याला खोलीत कोंडून ठेवतात, ते या अज्ञानामुळेच. आणि जो कोंडला जात नाही, तो जे मिळेल ते पितो. चोरट्या दारूत मिथेनॉल असते, तेव्हा घात होतो. मिथेनॉल पोटात गेल्यावर प्रथम काहीच वेगळे वाटत नाही. नेहमीचीच झिंग येते. मग यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, आणि अर्ध्या-एक दिवसाने डोळ्यांपुढे धुके दाटते. दृष्टीची नस जळते, रक्त आम्लधर्मी होते, श्वास अडतो. यावर एक उतारा म्हणजे शुद्ध मद्यच, वैद्याच्या देखरेखीखाली मोजून दिलेले. मुंबईत 2004 साली विक्रोळीला आणि 2015 साली मालवणीला असेच घडले. पंजाबात 2020 च्या जुलै-ऑगस्टमध्ये तरणतारण, अमृतसर आणि गुरदासपूर जिल्ह्यांत शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या वेळी पंजाबात दारूबंदी नव्हती, हे येथे ध्यानात ठेवावे. स्वस्त विषाला बंदीची गरज लागत नाही, गरिबी पुरते.

आता अफूकडे वळतो. कारण पंजाबचे खरे दुखणे कदाचित बाटलीपेक्षा तेथे अधिक खोल आहे.

अफू ही आपल्या जुन्या समाजात चोरून घेण्याची वस्तू नव्हती. सांधेदुखीच्या म्हाताऱ्याला, कापणीच्या दिवसांत उन्हात राबणाऱ्या मजुराला, पाहुण्याच्या आदरातिथ्याला ती चालत असे. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना बाळागोळी चारून निजवीत. 1920 च्या सुमारास झालेल्या पाहणीत असे आढळले की, अशा बहुसंख्य मुलांना अफू दिली जात होती. त्या आयांना निर्दय म्हणण्यापूर्वी गिरणीत पाळणाघर होते काय, हे विचारले पाहिजे. स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये अखिल भारतीय अफू परिषद भरली आणि दहा वर्षांच्या आत औषधाखेरीज अफूचा वापर बंद करावयाचा असे ठरले. मुदत 31 मार्च 1959 ला संपली. त्यानंतर अफू मिळायची ती वैद्यकीय दाखला असलेल्या, नोंद झालेल्या व्यसनी मनुष्यालाच. म्हणजे अबकारी खात्याच्या कचेऱ्यांत एक वही तयार झाली. तीत नावे होती, गावे होती, वय होते, आणि नावापुढे दरमहाचे तोळे-मासे होते.

या वहीविषयी मला नेहमी कुतूहल वाटत आले आहे. कोणत्या गावात कोण अफूच्या अधीन आहे, ही माहिती त्या काळच्या सरकारजवळ लेखी होती. आज ती मिळवण्यासाठी मोठ्या संस्थांना महिनोन् महिने पाहणी करावी लागते. परंतु ती वही शिधावाटपाची होती. म्हातारी माणसे मरत जातील, नावे कमी होत जातील, आणि एक दिवस वही आपोआप कोरी होईल, असा तिच्यामागचा हिशेब होता. नव्या पिढीतील कोणी अफूकडे वळलाच, तर त्याच्यासाठी त्या वहीत रकाना नव्हता.

नवी पिढी वळली, पण अफूकडे नव्हे. 1980 च्या दशकात अफगाणिस्तान आणि पाकिस्तानच्या बाजूने हेरॉईन येऊ लागले. आपल्याकडे ज्याला गर्द म्हणू लागले, त्याचेच हे दिवस. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण सुरू केले, ते याच लाटेच्या तोंडाशी. केंद्र सरकारने 1985 च्या नोव्हेंबरपासून अमली पदार्थांविषयीचा कडक कायदा अमलात आणला. त्यात शिक्षा जबर होत्या. आणि व्यसनी मनुष्य व व्यापारी यांच्यात न्यायालय भेद करील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तुरुंगाच्या दाराशी पुष्कळदा पुडीवालाच आधी पोहोचतो, गाडीवाला मागाहून, आणि मालाचा धनी क्वचितच.

चंदीगडच्या बाराव्या सेक्टरमध्ये 1962 साली पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था स्थापन झाली. तिला सारे उत्तर हिंदुस्थान नुसते 'पीजीआय' म्हणते. तेथील मानसोपचार विभाग डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी 1963 मध्ये उभा केला. या संस्थेच्या व्यसनोपचार विभागाने 1978 ते 2008 या तीस वर्षांतील सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला आहे. मी याला इतिहासाचे साधन मानतो, शिलालेखाइतकेच विश्वासार्ह. पंजाबचा आणि चंदीगडच्या परिसराचा या काळातला प्रवास असा: आरंभी दारू, अफू आणि भुक्की, म्हणजे अफूच्या बोंडांचा चुरा, मग हेरॉईन, मग औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या वेदनाशामक कॅप्सुला, खोकल्याची औषधे, अतिसाराच्या गोळ्या आणि सुया. भुक्की शेतावर पाण्यात कालवून पीत. तिने मनुष्य सुस्त होई, मलावरोधाने हैराण होई, कर्जबाजारी होई. पण तो सहसा एका क्षणात मरत नसे. राजस्थानातील तिची परवानाधारक दुकाने 2015-16 च्या सुमारास बंद झाली. तोवर पंजाबच्या गावांत 'चिट्टा' आला होता. चिट्टा म्हणजे पांढरा. हेरॉईन आणि त्याच्या नावाने खपणारी भेसळ. एक दार लावले की त्याहून अरुंद, त्याहून काळोखे दार उघडते, असे या साऱ्या काळात पुनःपुन्हा दिसते.

सुईने दोन संकटे आणली. एक श्वासाचे. अफूच्या कुळातील सर्व द्रव्ये वेदना मारतात, त्याचबरोबर मेंदूतील श्वासाचे केंद्रही मंद करतात. सवयीने शरीर मोठी मात्रा सोसू लागते; पण काही आठवडे नशा सुटली, मग ती इस्पितळात असो की तुरुंगात, की ती सहनशक्ती उतरते. सुटून आलेला मुलगा जुन्या मित्रांत बसून जुनीच मात्रा घेतो, आणि सुई दंडात असतानाच त्याचा श्वास थांबतो. 'तो तर सुधारून आला होता' असे आई म्हणते, ते खरेच असते. दुसरे संकट एका सुईने अनेकांनी टोचून घेतल्यामुळे येणाऱ्या काविळीचे, म्हणजे हेपटायटिस-सी या रोगाचे. पंजाबात अशुद्ध सुयांमुळे, केवळ नशेच्याच नव्हे तर गावठी डॉक्टरांच्याही, हा रोग इतका पसरला की 2016 च्या जूनमध्ये राज्य सरकारला त्याचे फुकट उपचार सुरू करावे लागले. त्या योजनेची वैद्यकीय आखणी पीजीआयच्या यकृततज्ज्ञांनी केली. त्याच विभागात दारूने निकामी झालेली यकृतेही येतात. प्रथम यकृतावर चरबी साठते, तोवर दारू सोडल्यास ते पूर्ववत होते. मग दाह होतो. मग गाठी पडून ते आवळते आणि पोटात पाणी भरते. पहिल्या अवस्थेत काहीच दुखत नाही, ही मोठी फसवणूक आहे.

रस्त्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो. चंदीगडमधील 'अराइव्ह सेफ' या संस्थेने महामार्गांवरील दारूच्या दुकानांविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. तिचे संस्थापक स्वतः मोटार अपघातात कायमचे जायबंदी झालेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 15 डिसेंबर 2016 रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालाने महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्रीस मनाई झाली. यावर चंदीगडच्या प्रशासनाने काय करावे? शहरातून जाणाऱ्या महामार्गांचे वर्गीकरणच बदलले. ते जिल्हा मार्ग झाले. दुकान जागच्या जागी, रस्ता जागच्या जागी, फक्त कागदावरचे नाव निराळे. महाराष्ट्रातही काही शहरांत हीच युक्ती झाली, तेव्हा आपण हसू नये. 2017 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकांच्या हद्दीतील परवान्यांना आपला निकाल लागू नाही असे स्पष्ट केले, आणि तो वाद तेथे मिटला. वस्तू आणि सेवा कराच्या नव्या व्यवस्थेतून मद्य त्याच महिन्यात बाहेर ठेवले गेले होते. राज्यांच्या हाती उरलेल्या मोजक्या करांतला तो एक, हे लक्षात घेतले म्हणजे रस्त्यांची नावे का बदलतात ते कळते.

2015 साली पंजाबात अफूवर्गीय द्रव्यांच्या व्यसनाची पाहणी झाली. तीत सुमारे 2 लाख 30 हजार माणसे या द्रव्यांच्या पूर्ण अधीन असल्याचा अंदाज निघाला. त्यांतील बहुतेक तरुण. त्याहून महत्त्वाची मला वाटते ती दुसरी गोष्ट: बहुतेकांनी ते सोडण्याचा प्रयत्न केला होता, आणि त्यांत कोणाची मदत मिळाली असे थोडेच होते. व्यसनी मनुष्याला सुटायचेच नसते, हा आपला लाडका समज या आकड्यांपुढे टिकत नाही. पंजाबीत नशा तुटल्यानंतरच्या यातनांना 'तोड' म्हणतात. हाडे मोडल्यासारखी दुखतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, जुलाब होतात, झोप जाते. हे तीन-चार दिवस पार पडले तरी ओढ महिनोन् महिने राहते. म्हणून पीजीआयमध्ये पोराला घेऊन येणारा बाप जेव्हा 'डॉक्टरसाहेब, एकच इंजेक्शन द्या, पुन्हा नाव घेणार नाही' असे म्हणतो, तेव्हा त्याची निराशा करावी लागते.

2017 च्या ऑक्टोबरमध्ये पंजाब सरकारने मोगा, तरणतारण आणि अमृतसर या जिल्ह्यांपासून नव्या दवाखान्यांना आरंभ केला. आरंभी रुग्ण रोज येई, परिचारिकेसमोर ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली विरघळवी आणि कामावर जाई. ही गोळीही अफूच्याच कुळातील. पण तिने ओढ शमते, झिंग फारशी चढत नाही आणि श्वास सहसा थांबत नाही. सरकारच आता नशा वाटते, अशी टीका तिच्यावर झाली. गोळ्या घरी नेण्यास परवानगी द्यावी की नाही, खासगी केंद्रांतून त्या बाहेर झिरपतात त्याचे काय, हेही वाद झाले. त्यांतला काही अंश खरा आहे. परंतु या दवाखान्यात प्रथम आलेल्या मनुष्याचे काय होते, तेवढे सांगून थांबतो. त्याचे नाव विचारतात. गाव, वय, कोणते द्रव्य, किती वर्षे, तोंडाने की सुईने, कावीळ झाली होती काय, घरी कोण आहे, काम काय करतो. आणि हे सारे बोटाच्या ठशासह राज्याच्या नोंदवहीत चढते. 1959 च्या वहीतल्या बहुतेक रकान्यांहून हे वेगळे नाही. मात्र या वेळी नावापुढे पुढच्या भेटीची तारीख घातलेली असते.